सीपीयू वॉटर ब्लॉकची तुलना: आधी स्वतःची चूक मोजा, मग ब्लॉक

काही वर्षांपूर्वी मी दोन वॉटर ब्लॉक, म्हणजे आतून पाणी फिरवून प्रोसेसर थंड ठेवणारे धातूचे ठोकळे, एकाच प्रोसेसरवर आळीपाळीने बसवून पाहिले. पहिला ब्लॉक तब्बल 3 अंशांनी सरस दिसला. आठवडाभर मी तेच खरं धरून चाललो. मग नळ्या बदलायच्या म्हणून दुसरा ब्लॉक काढला, तर थर्मल पेस्टचा (प्रोसेसर आणि ब्लॉकमधली फट भरून उष्णता पलीकडे नेणाऱ्या लेपाचा) ठसा एका कोपऱ्यात जाड आणि समोरच्या कोपऱ्यात जवळजवळ पारदर्शक. एक स्क्रू शेवटपर्यंत बसलाच नव्हता. ब्लॉक पुन्हा नीट बसवला आणि ते 3 अंश गायब झाले.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट धरून आहे. आजच्या चांगल्या ब्लॉकमधला एकमेकांतला फरक हा बहुतेक वेळा एकाच ब्लॉकच्या दोन बसवण्यांमधल्या फरकापेक्षा लहान असतो. त्यामुळे तुलना करायची तर आधी आपली बसवण्याची चूक किती, हे मोजावं लागतं. पुढची सगळी पद्धत त्यासाठीच आहे. उदाहरणासाठी एएमडीचा रायझन 9 7950एक्स, एएम5 सॉकेट (बोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) आणि डी5 पंप असा संच धरतो, कारण पुष्कळ लोकांकडे याच्या जवळपासचं काहीतरी असतं.

ब्लॉकच्या आत काय चालतं

1981 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात डेव्हिड टकरमन आणि फेबियन पीज यांनी सिलिकॉनमध्येच केसाइतक्या अरुंद खाचा कोरून त्यांतून पाणी सोडलं आणि दर चौरस सेंटिमीटरला 790 वॅट उष्णता बाहेर काढून दाखवली. आजच्या जवळजवळ प्रत्येक सीपीयू ब्लॉकच्या तळाशी तांब्यात काढलेल्या ज्या बारीक खाचा असतात, त्यांच्यामागे हेच तत्त्व आहे. खाच अरुंद असली की पाण्याचा प्रत्येक थेंब भिंतीच्या जवळून जातो. मग प्रवाह शांत, थराथरांनी वाहणारा असला तरी उष्णता पटकन पाण्यात उतरते. खाच निम्मी रुंद केली की भिंतीपासून पाण्यात जाणाऱ्या उष्णतेचा दर साधारण दुप्पट होतो.

त्याची किंमत दाबात मोजावी लागते. तेवढ्याच वेगाने पाणी ढकलायचं तर निम्म्या रुंदीच्या खाचेत अडथळा साधारण चौपट होतो. म्हणून जवळजवळ सगळे निर्माते पाणी मधल्या फटीतून, म्हणजे जेट प्लेटमधून, खाचांच्या मध्यावर सोडतात आणि दोन्ही बाजूंना वाहू देतात. यात प्रत्येक बाजूला निम्मं पाणी जातं आणि त्याला निम्मंच अंतर कापायचं असतं. शांत प्रवाहात त्यामुळे खाचांमधला अडथळा एक चतुर्थांशावर येतो. शिवाय सर्वांत थंड पाणी सर्वांत गरम जागेवर पडतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. ही फट उभी आहे की आडवी, आणि ती चिपच्या नेमक्या वर आहे की बाजूला, याने निकाल बदलतो. 7950एक्समध्ये गाभे (कोर) असलेल्या दोन चिप प्रोसेसरच्या धातूच्या झाकणाच्या मध्यावर नाहीत, एका कडेकडे सरकलेल्या आहेत. प्रत्येकीचं क्षेत्रफळ सुमारे 70 चौरस मिलिमीटर. त्यातली एक 65 वॅट खात असेल तर दर चौरस सेंटिमीटरला 90 वॅटच्या वर उष्णता होते. म्हणून तर एएम5साठी ब्लॉक किंचित खाली सरकवणारे ब्रॅकेट विकले जातात. एका ब्लॉकला असं ब्रॅकेट लावून आणि दुसऱ्याला न लावता तुलना केली, तर ती ब्रॅकेटची तुलना झाली.

काय मोजायचं आणि काय नाही

"माझा प्रोसेसर 72 अंशांवर चालतो" या वाक्याला तुलनेत काहीच अर्थ नाही. पुण्यात एप्रिलच्या दुपारी आणि डिसेंबरच्या पहाटे तोच ब्लॉक वेगवेगळा आकडा देईल. मोजायचा तो फरक: प्रोसेसरचं तापमान वजा ब्लॉकमध्ये शिरणाऱ्या पाण्याचं तापमान. याला प्रोसेसरच्या वॅटने भागलं की उष्णतेचा अडथळा मिळतो, दर वॅटला किती अंश असा. खोलीचं हवामान, रेडिएटरचा आकार, पंख्यांचा वेग हे बहुतांश यातून गळून जातं.

बहुतांश म्हणतो, सगळं नाही. गरम पाणी पातळ असतं: 20 अंशांना त्याची चिकटता जेवढी असते, ती 40 अंशांना जवळजवळ दोन तृतीयांश उरते. म्हणून दोन्ही ब्लॉकच्या चाचण्यांत पाण्याचं तापमान एकमेकांच्या 1 अंशाच्या आत ठेवा. पंख्यांचा वेग कमीजास्त करून ते जमतं.

दुसरी मोजायची गोष्ट म्हणजे ब्लॉक ओलांडताना पाण्याचा दाब किती घटतो, आणि तो वेगवेगळ्या प्रवाहाला किती घटतो. थंडावा आणि प्रवाह हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि दोन्ही घेतल्याशिवाय तुलना अर्धीच राहते.

साहित्य

पंप शक्यतो डी5 किंवा डीडीसी, वेग बदलता येणारा. प्रवाह मोजायला एखादा प्रवाह-सेन्सर. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा वायएफ-एस201 स्वस्त आहे. तो दर लिटरला साधारण 450 स्पंदनं देतो, पण कमी प्रवाहाला हा आकडा सरकतो, म्हणून स्वतः तपासून घ्यावा लागतो. पाण्याच्या तापमानासाठी डीएस18बी20 जातीचे दोन सेन्सर. स्वयंपाकघरातला वजनकाटा, बादली, स्टॉपवॉच. गवंडी पातळी काढायला वापरतात तशी पारदर्शक बारीक नळी, 4 मीटर. दोन टी-जोड. आयसोप्रोपिल अल्कोहोल, न सुकणारी एकाच कंपनीची एकाच ट्यूबमधली पेस्ट, आणि पुरेशी पेस्ट, कारण दहा-बारा वेळा लावायची आहे.

पाणी डिस्टिल्ड घ्या. बॅटरीच्या दुकानात मिळणारं बहुधा डीमिनरलाइज्ड असतं, चाचणीपुरतं तेही चालतं. नळाचं किंवा बोअरचं पाणी मात्र नको. क्षार त्याच बारीक खाचांत बसतील ज्यांची तुम्ही परीक्षा घेताय. रंगीत द्रव तर चाचणीत अजिबात नको. तांब्याच्या ब्लॉकबरोबर ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडू नका, दोन धातूंमध्ये गंज सुरू होतो.

पहिली पायरी: सेन्सर एकमेकांशी जुळवा

डीएस18बी20ची हमी अधिक-उणे अर्ध्या अंशाची आहे. म्हणजे दोन सेन्सर एकाच पाण्यात ठेवून 1 अंशाचा फरक दाखवू शकतात, आणि तरी दोन्ही चांगलेच असतील. दोघांना रबरबँडने एकत्र बांधून पाण्याच्या भांड्यात बुडवा, ढवळत राहा, 25, 30, 35 आणि 40 अंशांच्या आसपास आकडे लिहून घ्या. फरक जवळपास स्थिर येतो. तो वजा करत चला.

एवढी काळजी का, ते आकड्यांतून कळतं. 200 वॅट उष्णता मिनिटाला 1 लिटर पाण्यात गेली तर पाणी सुमारे 2.9 अंशांनी तापतं. मिनिटाला 4 लिटर असेल तर फक्त 0.7 अंशाने. न जुळवलेल्या सेन्सरची चूक या 0.7 पेक्षा मोठी असू शकते.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. "पाणी फार जोरात गेलं तर त्याला उष्णता घ्यायला वेळच मिळत नाही" हा समज चुकीचा आहे. पाणी जोरात गेलं की प्रत्येक थेंब कमी तापतो, पण थेंब जास्त जातात, आणि ब्लॉकच्या आतलं सरासरी पाणी थंड राहतं. प्रवाह वाढवून ब्लॉकची कामगिरी बिघडत नाही. फक्त एका टप्प्यानंतर फायदा नगण्य होतो.

दुसरी पायरी: प्रवाह-सेन्सर तपासा

पंपाने बादलीतून पाणी ओढून ते सेन्सरमधून काट्यावरच्या भांड्यात सोडा. 60 सेकंदांत जितके किलो जमले तितके लिटर. हे चार वेगवेगळ्या वेगांना करा, मिनिटाला 1.5 ते 5 लिटरच्या दरम्यान. भांड्यावरच्या खुणांवर विश्वास ठेवू नका, वजन करा. यातून सेन्सरचा खरा गुणक मिळतो, आणि तो वेगवेगळ्या प्रवाहाला थोडा वेगळा असेल तर तसाच तक्ता करून वापरा.

तिसरी पायरी: दाब मोजायची नळी

हा भाग लोक टाळतात, कारण दाबमापक महाग वाटतो. पण पारदर्शक नळीने तो फार छान मोजता येतो. ब्लॉकच्या आधी एक टी-जोड आणि नंतर एक टी-जोड लावा. दोन्हींमधून दोन पारदर्शक नळ्या भिंतीला धरून वर न्या आणि वरच्या टोकाला एकमेकींना जोडा, मध्ये एक छोटा व्हॉल्व्ह ठेवून. वरच्या भागात हवा अडकवायची. आता दोन नळ्यांतल्या पाण्याच्या उंचीत जितका फरक, तितका ब्लॉकमुळे घटलेला दाब. 1 पीएसआय (दाबाचं एकक) म्हणजे साधारण 70 सेंटिमीटर पाणी, त्यामुळे भिंतीवर दीड मीटर जागा ठेवा.

पंप बंद असताना दोन्ही पातळ्या अगदी सारख्या हव्यात. नसतील तर नळीत कुठेतरी बुडबुडा आहे; टिचक्या मारून काढा. मग पंप चालवून मिनिटाला 2, 3, 4 आणि 5 लिटरला फरक लिहा. पंप तिथवर पोचत नसेल तर जितका पोचतो तितका. शेवटी ब्लॉक काढून त्याच जागी सरळ जोड लावा, तीच मोजणी पुन्हा करा आणि ती वजा करा, म्हणजे टी-जोडांचा अडथळा निघून जाईल.

तपासणी म्हणून एवढं पाहा: प्रवाह दुप्पट केल्यावर दाब दुपटीपेक्षा जास्त वाढायला हवा, पण चौपटीच्या पुढे जायला नको. गेला तर हवा अडकली आहे किंवा आकडा चुकला आहे. आणि नव्या रेडिएटरमधला कचरा धुऊन काढल्याशिवाय हे काही सुरू करू नका. सोल्डरिंगच्या फ्लक्सचा एक कण ब्लॉकच्या खाचांत अडकला की तुम्ही ब्लॉकची नाही, कचऱ्याची मोजणी कराल.

चौथी पायरी: प्रोसेसरची उष्णता बांधून ठेवा

7950एक्स मोकळा सोडला तर तो 95 अंशांपर्यंत स्वतःच वेग वाढवत जातो. चांगला ब्लॉक लावला तर तो थंड राहत नाही, जास्त वीज खातो. तापमान दोन्ही ब्लॉकला सारखंच दिसेल आणि तुम्ही म्हणाल, फरकच नाही.

म्हणून बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) पीपीटी, म्हणजे प्रोसेसरला किती वॅट मिळू द्यायचे याची मर्यादा घाला. मूळ मर्यादा 230 वॅट आहे. चाचणीसाठी 160 सोयीची पडते, तापमान 95 च्या बरंच खाली राहतं. बोर्ड सांगतो ते वॅट अचूक असतीलच असं नाही, पण बोर्ड तोच असल्याने चूक दोन्हीकडे सारखी पडते. तुलनेला तेवढं पुरतं. मात्र दुसऱ्या कुणाच्या बोर्डवरच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहू नका. बायोसची आवृत्ती, मेमरीचा वेग, काहीही मधेच बदलू नका.

भार म्हणून प्राइम95 या प्रोसेसरवर ताण देणाऱ्या प्रोग्रॅममधली स्मॉल एफएफटी चाचणी. सिनेबेंच हा दुसरा चाचणी-प्रोग्रॅम दोन फेऱ्यांमध्ये श्वास घेतो, त्यामुळे सरासरी हलते. नोंदीसाठी एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्रॅम, दर 2 सेकंदांना, फाइलमध्ये. एएमडीचा सेन्सर अंशाच्या आठव्या भागापर्यंत आकडा देतो. इंटेलचा पूर्ण अंशातच देतो, म्हणून इंटेलवर सगळ्या गाभ्यांची सरासरी घ्यावी, एकट्या गाभ्याचा आकडा नको. इंटेलच्या एलजीए1700 सॉकेटवर झाकणच दाबामुळे किंचित वाकतं, तेव्हा तिथे ते वाकू न देणारी कॉन्टॅक्ट फ्रेम लावायची तर दोन्ही ब्लॉकला लावा, नाहीतर दोघांनाही नको.

पाचवी पायरी: बसवणं

सगळ्यात जास्त वेळ याला द्या.

जुनी पेस्ट अल्कोहोलने दोन्ही बाजूंनी पूर्ण पुसा. एएम5 च्या झाकणाला कडेने खाचे आहेत, त्यांत पेस्ट साचते. ती मऊ ब्रशने काढा. नवी पेस्ट दर वेळी वजन करून लावता आली तर फारच उत्तम. नाहीतर निदान आकार तोच ठेवा, ठिपका तर ठिपका, फुली तर फुली.

स्क्रू कोपऱ्याकोपऱ्याने, समोरासमोरचे, दर वेळी अर्धा फेरा. एक पूर्ण आवळून मग दुसरा, असं केलं की ब्लॉक तिरका बसतो आणि पेस्ट एका बाजूला ढकलली जाते. स्प्रिंग असलेले स्क्रू थांबेपर्यंत न्या. थांबा नसेल तर फेरे मोजा आणि लिहून ठेवा.

बऱ्याच ब्लॉकचा तळ मुद्दाम मधे किंचित फुगीर असतो, म्हणजे चिपच्या वर दाब जास्त पडतो. काही ब्लॉकमध्ये आतली जेट प्लेट बदलून हा फुगवटा कमीजास्त करता येतो. ईके कंपनीच्या सुप्रीमसी इव्हो ब्लॉकबरोबर वेगवेगळ्या सॉकेटसाठी वेगळ्या प्लेट येत असत. तुमच्या ब्लॉकमध्ये अशी सोय असेल तर निर्मात्याने तुमच्या सॉकेटसाठी सांगितलेलीच प्लेट घाला. आणि पाणी आत जायचं तोंड निर्मात्याने दाखवलेलंच वापरा. उलटं जोडलं तरी पाणी वाहतं, प्रवाहही ठीक दिसतो, पण मधल्या फटीतून थंड पाणी पडण्याऐवजी तापलेलं पाणी तिथून बाहेर येतं.

बसवल्यावर आधी संगणक न चालवता फक्त पंप चालवा. सगळ्या जोडांखाली टिश्यू पेपर. संच हळूहळू चारही बाजूंना तिरका करून हवा काढा. मग अर्धा तास भार द्या. पाण्याचं तापमान 5 मिनिटांत 0.1 अंशापेक्षा कमी हललं की स्थिर झालं समजा, आणि त्यापुढच्या 15 मिनिटांची सरासरी घ्या. एका बसवण्यात दोन-तीन वेगवेगळ्या प्रवाहांना आकडे घेऊन टाका, काम वाचतं.

मग ब्लॉक काढा, पेस्टच्या ठशाचा फोटो घ्या, आणि पुन्हा बसवा. प्रत्येक ब्लॉक निदान पाच वेळा. क्रम पहिला, दुसरा, पहिला, दुसरा असा आळीपाळीचा ठेवा. पहिल्याच्या पाचही चाचण्या शनिवारी आणि दुसऱ्याच्या रविवारी केल्या, तर शनिवार-रविवारमधला फरकही ब्लॉकच्या खात्यात जमा होतो. वेळखाऊ आहे, मान्य. पण या पायरीला फाटा दिला तर आधीच्या चारही वाया जातात.

सहावी पायरी: आकडे वाचणं

हिशेब दाखवण्यापुरते काल्पनिक आकडे घेऊ. मिनिटाला 4 लिटर प्रवाहाला, 160 वॅटला, पहिल्या ब्लॉकचे पाण्यापासूनचे फरक: 38.2, 39.0, 37.6, 38.6, 38.1. सरासरी 38.3, म्हणजे दर वॅटला 0.24 अंश. दुसऱ्याचे: 37.0, 38.8, 37.4, 36.9, 37.9. सरासरी 37.6.

दुसरा 0.7 अंशाने सरस, असं म्हणावंसं वाटतं. पण पहिल्याचे स्वतःचेच आकडे 1.4 अंशांत पसरले आहेत आणि दुसऱ्याचे 1.9 मध्ये. प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) काढून हिशेब केला तर या 0.7 च्या फरकातली अनिश्चितताच सुमारे 0.4 येते. फरक अनिश्चिततेच्या निदान दुप्पट असल्याशिवाय मी एकाला सरस म्हणत नाही. इथे तो दुपटीच्या खाली आहे. तेव्हा प्रामाणिक निष्कर्ष असा: या चाचणीत दोघांत फरक सिद्ध झाला नाही. एक-एकदाच बसवून पाहिलं असतं तर पहिल्याच्या 37.6 आणि दुसऱ्याच्या 38.8 वरून अगदी उलटा निकालही लागू शकला असता.

एका ब्लॉकचे आकडे सातत्याने जास्त पसरत असतील तर तीही माहिती आहे. तो ब्लॉक बसवायला नाजूक आहे. रोजच्या वापरासाठी मी अर्धा अंश गरम पण दर वेळी सारखा बसणारा ब्लॉक निवडेन.

सातवी पायरी: प्रवाहाचा हिशेब स्वतःच्या लूपमध्ये

आता दाबाचे आकडे कामाला येतात. समजा मिनिटाला 4 लिटरला पहिला ब्लॉक 40 सेंटिमीटर दाब खातो आणि दुसरा 80. अडथळा दुप्पट, म्हणून लोक घाबरतात. पण लूपमध्ये, म्हणजे पाणी फिरतं त्या पूर्ण मार्गात, ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक, दोन रेडिएटर, फिटिंग हेही आहेत. त्यांचे समजा 120. पहिल्याबरोबर एकूण 160, दुसऱ्याबरोबर 200. पंप साधारण 160 सेंटिमीटरच देतो आणि दाब प्रवाहाच्या वर्गाने वाढतो असं धरलं, तर दुसऱ्या ब्लॉकबरोबर प्रवाह मिनिटाला सुमारे 3.6 लिटर येतो. म्हणजे ब्लॉकचा अडथळा दुप्पट होऊनही प्रवाह जेमतेम दहा टक्क्यांनी उतरला. प्रत्यक्षात प्रवाह कमी झाला की पंपाचा दाब थोडा वाढतो, त्यामुळे घट याहूनही कमी.

म्हणून थंडाव्याची तुलना दोनदा करा: एकदा दोघांना सारखा प्रवाह देऊन, आणि एकदा पंपाचा वेग सारखा ठेवून प्रवाह जसा येईल तसा घेऊन. पहिल्या तुलनेत ब्लॉकच्या आतली रचना कळते. विकत कोणता घ्यायचा, हे दुसरी सांगते. त्यासाठी आधी घेतलेल्या दोन-तीन प्रवाहांच्या आकड्यांचा आलेख काढा आणि 3.6 लिटरला दुसरा ब्लॉक काय देतो ते त्यावरून वाचा. आलेख त्या भागात जवळजवळ सपाट असेल, तर जास्त अडथळ्याचा ब्लॉक घ्यायला हरकत नाही. पंप दुबळा असेल, किंवा आवाज नको म्हणून तो अगदी हळू चालवत असाल, तर आलेखाच्या तीव्र उताराच्या भागात याल, आणि तिथे मोकळ्या ब्लॉकचं पारडं जड होतं.

शेवटची एक चाचणी उरते. सगळं झाल्यावर पहिला ब्लॉक आणखी एकदा, सहाव्या वेळी बसवा. त्याचा आकडा आधीच्या पाचांच्या पसाऱ्यात बसला तर वहीतले आकडे कुणालाही दाखवायला हरकत नाही. बाहेर गेला, तर मधल्या दिवसांत काहीतरी सरकलं आहे: पंपाचा वेग, बायोसची सेटिंग, खाचांत गेलेला कचरा. ते सापडेपर्यंत वही बंद ठेवा.